आयएलएस पकडताना विमान लोकलायझर ओलांडून जातं, ग्लाइडस्लोप तर खालीच राहतो (मुंबई २७, ए३२०)

उडता_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. सिम्युलेटरवाले इथे बरेच आहेत हे जुन्या धाग्यांवरून कळलं म्हणून विचारतोय. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० आहे, विमान फ्लायबायवायरचं फुकटवालं ए३२०, आणि सध्या मोपा ते मुंबई हाच रूट धरून बसलोय कारण तासाभरात होतो आणि शेवटी धावपट्टी सत्तावीसवर उतरायला मिळतं. टेकऑफ, क्रूझ, डिसेंट सगळं जमतंय, गाडी अडते ती शेवटी, आयएलएसवर, म्हणजे रेडिओ सिग्नलने धावपट्टीपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेवर.

गोव्याकडून येतो म्हणजे दक्षिणेकडून वर येतो, हेडिंग ३५०-३६०, धावपट्टीच्या पूर्वेला साधारण दहा मैलांवर लोकलायझरची (धावपट्टीच्या दिशेचा सिग्नल) रेघ लागते, तेव्हा उंची ५०००, वेग २४०. एपीपीआर बटण (ऑटोपायलटला आयएलएस धरायला सांगणारं) आधीच दाबलेलं असतं, एफएमएवर (ऑटोपायलटचे मोड दाखवणारी पट्टी) एलओसी (लोकलायझर) आणि जी/एस (ग्लाइडस्लोप, उताराचा सिग्नल) दोन्ही निळे, म्हणजे तयार. मग एलओसी हिरवा होतो, विमान डावीकडे वळायला लागतं पण तोवर रेघ मागे गेलेली असते, ते ऐरोलीच्या बाजूला जातं, परत येतं, परत ओलांडतं, असं नागमोडी घाटकोपरपर्यंत चालतं. आणि जी/एस निळाच्या निळा, स्लोप दाखवणारा हिरा स्केलच्या तळाला जाऊन बसलेला. बटण लवकर दाबतोय का उशिरा? का या विमानातच बग आहे?

खिडकीची_सीट

सेम प्रॉब्लेम, फक्त माझं ७३७ आहे. मी तर सगळं अनइन्स्टॉल करून परत टाकायच्या विचारात होतो. वाचतोय.

तिसरा_अंश

अनइन्स्टॉल करू नका दोघांनीही, विमानात काही बिघडलेलं नाही. बटणाचाही प्रश्न नाही. आयएलएस बटणाने पकडला जात नाही, बटण दाबायच्या आधी दहा मिनिटं तुम्ही विमान कुठे, किती उंचीवर, किती वेगात आणि कोणत्या कोनात आणून ठेवता त्यावर सगळं ठरतं. बटण फक्त ऑटोपायलटला सांगतं की आता सिग्नल दिसला की धर. धरता येईल अशा जागी आणून सोडायचं काम आपलं.

तुमचे आकडेच घेऊ, कारण तुम्ही व्यवस्थित लिहिलेत आणि उत्तर त्यातच आहे.

आधी आडवी बाजू. २४० नॉट इंडिकेटेड, ५००० फुटांवर, २५ अंश बँक (विमानाचा कल) धरली तर वळणाची त्रिज्या दोन नॉटिकल मैलांच्या जवळपास येते. तुम्ही ३६० वरून २७० वर येताय म्हणजे पूर्ण काटकोनात वळायचंय, म्हणजे रेघेवर बरोबर बसायचं तर रेघेच्या दोन मैल आधी वळण सुरू व्हायला हवं. आता लोकलायझरची सुई कधी हलते बघा. दहा मैलांवर सुई पूर्ण एका बाजूला टेकलेली असते तेव्हा तुम्ही मध्यरेषेपासून अर्ध्या मैलापेक्षाही कमी अंतरावर असता. त्याच्या बाहेर ती नुसती टेकून बसलेली. म्हणजे ऑटोपायलटला सुई हललेली कळते तेव्हा हातात अर्धा मैल आणि गरज दोन मैलांची. तो बिचारा कितीही हुशार असला तरी ओलांडणारच. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेला जोडरस्त्यावरून लागताना आपण तिरके, वेग जुळवत आत शिरतो, नव्वदच्या कोनात थेट लेनमध्ये घुसत नाही, तसं हे.

तेच ३० अंशाच्या कोनात आलात तर हिशोब पूर्ण बदलतो. त्याच वेगाला आता वळण सुरू करायला रेघेच्या पाव मैलच आधी पुरतं. १८० नॉटला तर त्याच्याही निम्मं. म्हणजे सुई हलायला लागल्यावरसुद्धा भरपूर वेळ आहे. म्हणून ३० अंश. ४५ पर्यंत चालवतात पण वेग कमी असेल तरच, त्याच्यावर जाऊ नका.

तुम्ही दक्षिणेकडून येताय तर शेवटचं हेडिंग ३०० असायला हवं, ३६० नाही. म्हणजे सरळ वर न येता आधी पूर्वेला जरा लांब जायचं, पनवेलच्याही पुढे, आणि मग ३०० ने तिरकं रेघेकडे यायचं. रेघ १५ मैलांच्या आसपास लागली पाहिजे, दहावर नको, कारण आता उभी बाजू.

तीन अंशाचा ग्लाइडस्लोप म्हणजे दर नॉटिकल मैलाला साधारण ३२० फूट. धावपट्टीपासूनचं अंतर गुणिले ३२०, अधिक विमानतळाची उंची. मुंबई जवळजवळ समुद्रसपाटीलाच, चाळीसेक फूट, सोडून द्या. दहा मैलांवर स्लोप ३२०० फुटांवर असतो. तुम्ही ५००० वर आहात. म्हणजे अठराशे फूट वर! हिरा तळाला गेला तो बरोबरच सांगत होता, स्लोप तुमच्या खाली आहे. आणि जी/एस निळा राहायचं दुसरं कारण म्हणजे ए३२० मध्ये आधी एलओसी पकडल्याशिवाय जी/एस पकडतच नाही, आणि तुमचा एलओसी नागमोडी चालू आहे.

स्लोप नेहमी खालून पकडायचा. आपण सपाट उडत राहायचं आणि तो वरून हळूहळू आपल्याकडे येऊ द्यायचा. हिरा स्केलच्या माथ्यावर दिसेल, मग खाली सरकायला लागेल, मधोमध यायच्या जरा आधी एफएमएवर जी/एस ला चांदणी लागून तो हिरवा होईल आणि विमान स्वतःहून नाक खाली करेल. हे एकदा बघितलंत की परत विसरणार नाही, फार सुंदर क्षण असतो तो.

४००० फूट धरलेत तर स्लोप साडेबारा मैलांच्या आसपास मिळतो. १५ वर लोकलायझर, साडेबारावर स्लोप, मधे अडीच मैल स्थिर व्हायला. माझा हा सिममधला हिशोब आहे, चार्टवर वेगळी उंची दिलेली असेल तर चार्टची धरा. एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या ईएआयपीत (ऑनलाइन माहितीपुस्तक) चार्ट फुकट बघायला मिळतात.

मलंगवाडी

वरच्या प्रतिसादाला एक जोड. ४००० च्या खाली लवकर उतरायचा मोह आवरा. मलंगगड नेमका सत्तावीसच्या रेघेच्या आसपास, धावपट्टीपासून सोळा-सतरा मैल पूर्वेला आहे आणि अडीच हजार फुटांच्या वर आहे. माथेरान त्याच्या आग्नेयेला, तेही तितकंच. तीन हजारावर येऊन बसलात आणि ढगात असलात तर खाली काय आहे ते दिसणार नाही. सिममध्ये हवा साफ ठेवून एकदा दिवसा हाच अप्रोच करून बघा, मलंगगडाचे सुळके डाव्या-उजव्या खिडकीतून कुठे दिसतात ते कळलं की नकाशा डोक्यात बसतो.

खाडीकाठ

वाशीला राहतो, ही सगळी विमानं आमच्या डोक्यावरूनच जातात म्हणून सांगतो. वाशी-कोपरखैरणे पट्टा धावपट्टीपासून पावणेसात-सात मैल पडतो, ३२० ने गुणलं तर बावीसशे फूट, आणि फ्लाइटरडारवर बघाल तर विमानं त्याच आकड्याच्या आसपास असतात. खाडी ओलांडताना बहुतेकांची चाकं बाहेर यायला लागलेली असतात, आवाज बदलतो लगेच कळतं. घाटकोपरला दीड मैल राहतो म्हणजे पाचशे फूट. हा गुणाकार एकदा डोक्यात बसला की गच्चीत उभं राहूनसुद्धा सांगता येतं कोण वर आहे कोण बरोबर. तुमच्या सिममध्येही वाशीचा पूल, खाडी, घाटकोपर हे टप्पे धरा. वाशीवर अजून ४००० असाल तर अप्रोच सोडून द्या, गो-अराउंड मारा, म्हणजे न उतरता परत वर चढा.

उडता_कोल्हापूर

@तिसरा_अंश दादा, हे असं कुणी आकड्यात सांगितलंच नव्हतं, व्हिडिओत सगळे म्हणतात एपीपीआर दाबा झालं. दोन मैल त्रिज्या वाचून एकदम उजेड पडला. आज रात्री करून बघतो.

एक शंका. सुई इतकी उशिरा का हलते? आणि धावपट्टीजवळ गेल्यावर मात्र जरा हललं तरी सुई पळते, असं का?

रेडिओवाला_सांगली

याचं उत्तर मी देतो, माझा जुना विषय. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाच्या मागे लोकलायझरच्या अँटेनांची रांग असते. सत्तावीसवर उतरताय तर ती रांग पश्चिमेच्या टोकाला, जुहू-विलेपार्ल्याच्या बाजूला. ती एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन वेगळे टोन पाठवते, ९० हर्ट्झ आणि १५० हर्ट्झ. येणाऱ्या विमानाच्या नजरेने डाव्या बाजूला ९० जोरात, उजव्या बाजूला १५० जोरात, बरोबर मध्यावर दोन्ही सारखे. विमानातला रिसीव्हर फक्त दोघांतला फरक मोजतो आणि सुईला देतो. ग्लाइडस्लोपही तसाच, फक्त उभा, वर ९० आणि खाली १५०, त्याची अँटेना धावपट्टीच्या बाजूला टचडाउनजवळ असते. लोकलायझर १०८ ते ११२ मेगाहर्ट्झमध्ये, स्लोप ३२९ ते ३३५ मध्ये, पण ते जोडीत ठरलेले असतात म्हणून तुम्ही एकच फ्रिक्वेन्सी टाकता आणि दुसरी आपोआप लागते.

आता सुई अंतर नाही, कोन मोजते. कोन तोच पण लांबवर त्याची रुंदी जास्त, जवळ येत गेलात की निमुळती. धावपट्टीच्या उंबरठ्यावर हा पूर्ण पट्टा साधारण ७०० फूट रुंद राहील असा बसवलेला असतो. म्हणून दहा मैलांवर सुई आळशी वाटते आणि एका मैलावर चपळ. हाताने उडवताना हे लक्षात ठेवा, शेवटच्या दोन मैलांत सुईच्या मागे पळायचं नाही, दोन-तीन अंशांच्या दुरुस्त्या करायच्या आणि वाट बघायची.

आणि वरती खोटे स्लोपही असतात. अँटेनाच्या रचनेमुळे तीन अंशाच्या खऱ्या स्लोपशिवाय वरच्या कोनांवर, नऊ अंशाच्या आसपास, सिग्नल परत शून्य दाखवतो. ३१ मे २०१३ ला नेदरलँड्समध्ये आइंडहोवेनला एक ७३७-८०० असंच स्लोपच्या बरंच वर राहिलं होतं, ऑटोपायलटने खोटा सिग्नल पकडला आणि विमानाने एकदम नाक वर केलं, वेग घसरला, स्टिक शेकर (वेग धोकादायक कमी झाल्याचा इशारा) वाजला. क्रूने गो-अराउंड करून सांभाळलं. डच सेफ्टी बोर्डाने त्यावर चौकशी करून अहवाल काढला. खालून पकडा असं का सांगतात त्याचं हे जिवंत कारण आहे. तुमचं सिम हे दाखवो न दाखवो, सवय तीच लावा.

सेसनावाली

इथे सगळे एअरबसवाले दिसतायत, माझ्यासारख्या सेसना १७२ जी१००० (स्क्रीनवालं छोटं विमान) उडवणाऱ्यांसाठी लिहिते कारण तिथे वेगळीच गंमत होते. विमान रेघेवर जातंही, स्लोपही दिसतो, पण एपीआर (आमचं एपीपीआर) दाबलं की ऑटोपायलट जीएस धरतच नाही, सरळ उडत राहतं. बहुतेक वेळा कारण एकच, सीडीआय (रेघेपासून किती बाजूला आहोत ते दाखवणारी सुई) अजून जीपीएसवर आहे. मॅजेंटा बाण म्हणजे जीपीएस, हिरवा म्हणजे नॅव्ह रेडिओ. खालची सीडीआय सॉफ्टकी दाबून हिरव्यावर आणायचं, आणि तिथे व्हीओआर (दुसऱ्या प्रकारचा रेडिओ बीकन) नाही एलओसी असं लिहिलेलं दिसलं पाहिजे. मगच एपीआर.

प्रोसीजर मधून अप्रोच लोड केलात तर फ्रिक्वेन्सी बरेचदा आपोआप येते पण ती स्टँडबायला आहे का ॲक्टिव्हला हे बघा, स्टँडबायला असेल तर बाण दाबून बदला. आणि आयडेंट (आयएलएसची ओळख-अक्षरं) ऐका. नॅव्हच्या व्हॉल्यूमचा नॉब दाबला की मोर्स ऐकू येतं, स्क्रीनवर अक्षरंही येतात, ती चार्टवरच्या अक्षरांशी जुळवा. नऊ आणि सत्तावीस या एकाच धावपट्टीच्या दोन बाजू असल्या तरी आयएलएस वेगळे, चुकून दुसऱ्या बाजूचा लावला तर सुई काहीतरीच दाखवते आणि आपण ऑटोपायलटला दोष देतो.

माझा क्रम सांगते. हेडिंग मोडवर ३० अंशांनी रेघेकडे, उंची ऑल्टिट्यूड होल्डवर, ९०-१०० नॉट, सीडीआय हिरवा, मग एपीआर. वरच्या पट्टीत एलओसी आणि जीएस पांढऱ्या अक्षरात येतात म्हणजे तयार आहेत, एचडीजी हिरवं राहतं म्हणजे अजून हेडिंगवरच उडतंय. सुई हलली की एलओसी हिरवा, एचडीजी जातं. मग जीएस हिरवा झाला की पॉवर कमी करायला विसरायचं नाही कारण सेसनात ऑटोथ्रॉटल नाही, नाक खाली गेलं की वेग वाढतच जातो. ९० नॉटला उतरायचा दर पावणेपाचशे फूट मिनिटाला. ग्राउंडस्पीड गुणिले पाच केलं की जवळपासचा आकडा मिळतो.

खिडकीची_सीट

ताई, हे जीपीएस-एलओसीचं ७३७ लाही लागू आहे का? माझ्यात व्हीओआर/एलओसी आणि एपीपी अशी दोन बटणं आहेत.

तिसरा_अंश

७३७ मध्ये ती भानगड नाही, पण फ्रिक्वेन्सी आणि कोर्स दोन्ही स्वतः टाकावे लागतात, दोन्ही बाजूंच्या नॅव्ह पॅनलवर. कोर्स विंडोत धावपट्टीचा कोर्स नसला तर विमान विचित्र वळतं. व्हीओआर/एलओसी म्हणजे फक्त आडवी रेघ, एपीपी म्हणजे रेघ अधिक स्लोप. कंट्रोलरने अजून अप्रोचची परवानगी दिली नसेल पण रेघेवर या म्हणालाय तर पहिलं, परवानगी मिळाली की दुसरं.

ए३२० वाल्यांनी एलएस बटण दाबायचं, ग्लेअरशील्डवर बाजूला आहे, ते दाबल्याशिवाय पीएफडीवर (समोरची मुख्य स्क्रीन) स्केल आणि हिरे दिसतच नाहीत. एमसीडीयूत (फ्लाइट कॉम्प्युटरचा कीपॅड) ॲरायव्हल टाकलंत की आयएलएस आपोआप ट्यून होतो, पण पीएफडीच्या खाली डाव्या कोपऱ्यात आयडेंट आणि डीएमई (रेडिओने मोजलेलं) अंतर येतं ते वाचायचंच. ते आलं नाही तर पुढे जाऊच नका.

पुणेरी_विंग

मुंबईचं सगळं समजलं पण पुण्याला करताना उंचीचं काय? मी तीन हजारावर जातो आणि लगेच टेरेन टेरेन (जमीन जवळ आल्याची वॉर्निंग) सुरू होतं.

तिसरा_अंश

कारण लोहगाव १९४२ फुटांवर आहे. ३००० म्हणजे धावपट्टीपासून जेमतेम हजार फूट वर, आणि आजूबाजूला डोंगर. मी वर म्हटलं ना, अंतर गुणिले ३२० अधिक विमानतळाची उंची. पुण्याला दहा मैलांवर स्लोप ५१०० च्या वर, पाच मैलांवर साडेतीन हजार. मुंबईचे आकडे पाठ करून पुण्याला वापरायचे नाहीत. दिल्लीही ७७७ फुटांवर आहे, तिथेही जमेत धरायला लागतं.

अजून एक, क्यूएनएच, म्हणजे अल्टिमीटरला लावायचं तिथलं हवेचं प्रेशर. पावसाळ्यात मुंबईला प्रेशर १००० च्या आसपास असतं. तुम्ही वरून १०१३ वर (वरच्या उंचीचं ठरलेलं सेटिंग) येताय आणि बदललं नाही तर दहा हेक्टोपास्कलला साधारण पावणेतीनशे-तीनशे फुटांचा फरक, आणि तोही वाईट बाजूने, अल्टिमीटर जास्त दाखवतं आणि खरे तुम्ही खाली असता. सिममध्ये बी दाबलं की सेट होतं, पण एटिसमधून (विमानतळाच्या हवामानाचं रेडिओ निवेदन) ऐकून स्वतः फिरवायची सवय ठेवा. स्लोपला अल्टिमीटरशी देणंघेणं नाही, तो रेडिओ आहे, म्हणूनच दोघांची एकमेकांशी तपासणी करता येते.

आणि ही तपासणी कागदोपत्री नाही. जुलै २००० मध्ये एअर न्यूझीलंडचं एक ७६७ सामोआला अपियाला रात्री आयएलएसवर उतरत होतं. जमिनीवरचा ग्लाइडस्लोपचा ट्रान्समीटर नीट अवस्थेत नव्हता, त्यामुळे विमानात सतत तुम्ही स्लोपवर बरोबर आहात असंच दिसत होतं. कुठलाही फ्लॅग (बिघाडाची खूण) नाही, कुठलीही वॉर्निंग नाही. विमान धावपट्टीच्या पाच-साडेपाच मैल अलीकडेच जमिनीला टेकायच्या मार्गावर होतं. अंतर आणि उंची जुळत नाही हे क्रूच्या लक्षात आलं आणि चारशे फुटांच्याही खालून त्यांनी गो-अराउंड केलं, सगळे सुखरूप. सुई मधोमध आहे एवढ्यावर विसंबायचं नाही, चार मैलांवर तेराशे आहे का, तीनवर हजार आहे का, हे मनात चालूच ठेवायचं. माझ्या मते आयएलएस शिकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून शिकायची ही एकमेव गोष्ट असेल तर ही.

व्हॅटसिमी

तुम्ही ऑनलाइन उडत असाल तर हे अर्धं काम कंट्रोलर करतो. व्हॅटसिमवर (माणसंच कंट्रोलर असतात ते ऑनलाइन नेटवर्क) मुंबई अप्रोच चालू असला की तोच तुम्हाला हेडिंग देत देत डाउनविंड (धावपट्टीला समांतर, उलट दिशेने), बेस (आडवा टप्पा) आणि मग ३० अंशाचं शेवटचं हेडिंग देतो, सोबत उंची, आणि म्हणतो की क्लिअर्ड आयएलएस अप्रोच रनवे टू सेव्हन, रिपोर्ट एस्टॅब्लिश्ड. तो पूर्वेला इतक्या लांब का नेतोय असं आधी वाटतं पण वरचा दोन मैलांचा हिशोब वाचलात तर कळेल. क्लिअर्ड म्हणेपर्यंत एपीपीआर दाबायचं नाही. नाहीतर रेघ ओलांडायला सांगितलेली असते दुसऱ्या विमानासाठी, आणि तुमचं विमान आपणहून वळून फायनलवर (शेवटच्या सरळ टप्प्यावर) जाऊन बसतं, मागच्याला गो-अराउंड द्यावा लागतो. हे खूप वेळा होतं आणि कंट्रोलरचा सगळा सिक्वेन्स विस्कटतो.

पावसाळ्यात लाइव्ह वेदर लावलंत तर नैऋत्येचा वारा असतो, म्हणजे सत्तावीसला समोरून आणि डावीकडून. ३०० ने रेघेकडे जाताना तो तुम्हाला रेघेकडेच ढकलतो, म्हणजे अपेक्षेपेक्षा लवकर पोचता. मग २९० घ्या, पुरतं. रेघेवर बसल्यावर विमानाचं नाक २६३-२६५ कडे दिसेल आणि धावपट्टी विंडशील्डच्या उजव्या भागात. ते बरोबर आहे, सरळ करायला जाऊ नका.

धावपट्टी_तेरा

सगळेच आयएलएस धावपट्टीकडे नेतात असं नाही बरं का. हाँगकाँगच्या जुन्या काय टाकला धावपट्टी तेरासाठी आयजीएस (आयएलएससारखाच, पण धावपट्टीच्या रेषेत नसलेला) होता, तो विमानाला थेट डोंगरावर रंगवलेल्या लाल-पांढऱ्या चौकटींकडे न्यायचा आणि तिथून हाताने ४७ अंश उजवीकडे वळून इमारतींवरून उतरायचं. ६ जुलै १९९८ ला तो विमानतळ बंद झाला. सिममध्ये ॲडऑन मिळतात, सत्तावीस जमल्यावर करून बघा. रेघ पकडायचं तंत्र तेच, फक्त शेवटी ती सोडायचीही असते.

उडता_कोल्हापूर

केलं!! पनवेलच्या पुढून ३०० ने आलो, ४०००, १९० नॉट. सोळा मैलांवर एलओसी ला चांदणी, विमान असं हळूच वळून रेघेवर बसलं, एकदाही ओलांडलं नाही. मग वरून हिरा यायला लागला, मी श्वास धरून बघत होतो, आणि साडेबाराच्या जरा आधी जी/एस चांदणी. मलंगगडही दिसला डावीकडे खाली. खाडीकाठ काका, वाशीवर २२५० होतो.

पण स्लोपवर आल्यावर वेग कमीच होईना. १९० चा २०० झाला, फ्लॅप २ टाकायला गेलो तर लिमिटच्या वर. घाटकोपरला १७०. उतरलो पण खूप लांब टेकलो.

तिसरा_अंश

वा, अभिनंदन! १६ वर चांदणी म्हणजे फारच छान.

वेगाचं असं आहे की जेट विमान तीन अंशाच्या उतारावर मोकळं सोडलं, म्हणजे फ्लॅप नाही चाकं नाहीत, तर ते कमी होतच नाही, उलट वाढतं. वेग सपाटीवर सोडायचा. सपाट उडताना दर मैलाला दहाएक नॉट उतरतात. म्हणून स्लोप यायच्या आधी फ्लॅप १ हवा, त्याचं लिमिट २३०. स्लोपवर आल्यावर वेग अडतोय असं दिसलं की लगेच चाकं टाका, एअरबसला २५० पर्यंत चालतात, चाकांइतका ब्रेक दुसऱ्या कशाचा नाही. मग २०० च्या खाली फ्लॅप २, १८५ खाली ३, १७७ खाली फुल. हजार फुटांपर्यंत सगळं बाहेर, वेग ठरलेला, इंजिन स्थिर. हजारला नसेल तर गो-अराउंड, त्यात विचार करायचा नाही.

आणि मला वाटतं तुम्ही एमसीडीयूत अप्रोच फेज ॲक्टिव्हेट केली नसेल. पर्फ पानावर ॲक्टिव्हेट अप्रोच फेज आहे, दोनदा दाबावं लागतं. ते केलं नाही तर मॅनेज्ड स्पीड (कॉम्प्युटर ठरवतो तो) वरचाच वेग धरून बसतो. स्पीडचा नॉब आत ढकलून मॅनेज्ड केलात की मग फ्लॅप टाकाल तसा वेग आपोआप उतरतो.

उडता_कोल्हापूर

बरोबर, फेज केलीच नव्हती. अजून दोन विचारतो मग थांबतो. एक, कधी चुकून स्लोपच्या वर राहिलोच तर काही उपाय आहे का? दोन, स्लोप पकडल्यावर वरच्या उंचीच्या खिडकीत ४००० च राहतं, ते तसंच ठेवायचं का?

तिसरा_अंश

वर राहिलात आणि रेघेवर आहात, अंतर भरपूर आहे, तर एपीपीआर आर्म (दाबून तयार) ठेवून उंचीच्या खिडकीत तुमच्या सध्याच्या उंचीपेक्षा वरचा आकडा ठेवायचा आणि व्हर्टिकल स्पीड उणे १५०० (मिनिटाला इतके फूट खाली) लावायचं. वरचा आकडा अशासाठी की खालचा ठेवलात तर विमान मधेच तिथे सपाट व्हायला बघेल आणि स्लोप निसटेल. दर २००० च्या पुढे नेऊ नका, वेगावर सतत डोळा, चाकं लवकर टाका. तुमच्या पहिल्या पोस्टसारखं दहा मैलांवर अठराशे फूट वर असाल तर मात्र हे करू नका, एक गिरकी मारून परत या.

दुसऱ्याचं उत्तर, जी/एस हिरवा झाला की खिडकीत मिस्ड अप्रोचची (न उतरता परत चढायची) उंची टाकायची, चार्टवर दिलेली असते. आधी नाही, जी/एस धरल्यावरच. म्हणजे डिसिजन हाइटला (उतरायचं की नाही ते ठरवायची उंची), कॅट वन या साध्या प्रकारच्या आयएलएसला २०० फूट, धावपट्टी दिसली नाही आणि थ्रस्ट लीव्हर टोगाला (पूर्ण पॉवरला) ढकलले तर विमानाला कुठवर चढायचं ते आधीच माहीत असतं.

व्हॅटसिमी

@उडता_कोल्हापूर, शनिवारी रात्री व्हॅटसिमवर मुंबई अप्रोच चालू असेल. मोपाहून निघा, फ्लाइट प्लॅन सिमब्रीफ या साइटवरून काढून आधी फाइल करा. फ्रिक्वेन्सीवर पहिल्यांदाच येताय असं बिनधास्त सांगा, वेक्टर (कंट्रोलरची हेडिंगं) थोडे लांबचे देतील.

उडता_कोल्हापूर

येतो नक्की. फेज ॲक्टिव्हेट करून, चार्ट उघडा ठेवून.